उन्हात भाजणाऱ्या दरीतली वाइन ‘थंड हवेची’ कशी?

काका, आधी काळजी मिटवतो. बाटलीत पाणी घातलेलं नाही आणि दुकानदाराने तुमच्या लेकीला फसवलेलंही नाही.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लेक न्यूझीलंडला, डनीडिनला असते. येताना तिने तिथल्याच सेंट्रल ओटागो भागातल्या, पिनो न्वार द्राक्षाच्या रेड वाइनच्या दोन बाटल्या आणल्या. एक तुम्ही उघडलीत, तर रंग इतका फिका की ग्लासाआडून पेपरचा मथळा वाचता यावा. चव आंबटसर, आणि नेहमीच्या नाशिकच्या शिराझपुढे पातळ. लेबलावर ‘गिब्स्टन’, मागे ‘कूल क्लायमेट’ वगैरे. लेक मात्र सांगते, जानेवारीत तिकडे फिरायला गेलो तर ऊन चटका देत होतं, डोंगर वाळून पिवळे झालेले, पावसाचा पत्ता नाही. मग हे थंड हवामान कसलं? दुसरी बाटली ठेवावी की संपवावी? आणि अशी वाइन आपल्याकडे का होत नाही?

मी निफाड तालुक्यातला. घरची द्राक्षबाग आहे, वीसेक वर्षं नाशिकच्या वायनरीत गेली, आणि मधले पाच हंगाम सेंट्रल ओटागोतल्या क्रॉमवेल गावाच्या आसपास तोडणी आणि तळघर दोन्ही कामं केली. पहिल्या वर्षी विमानातून उतरून बसने गावाकडे निघालो तेव्हा मलाही हेच वाटलं होतं. खिडकीबाहेर उघडे, खडकाळ, गवत करपलेले डोंगर. मनात आलं, आपण सिन्नरच्या पुढे दुष्काळी पट्ट्यात आलोय, इथे द्राक्ष कोण लावतं?

सिन्नरची आठवण उगीच आली नव्हती. तुम्हाला पर्जन्यछाया वेगळी समजवायला नको. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तिथून पूर्वेला सिन्नरला जेमतेम पाच-सहाशे. सह्याद्री ढगांना पिळून घेतो आणि मागच्यांना उरलंसुरलं मिळतं. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर सह्याद्रीच्या जागी सदर्न आल्प्स उभे आहेत, आणि फरक आपल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या मिलफर्ड साउंडला वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. तिथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरसुद्धा नसलेल्या, सेंट्रल ओटागोतल्या अलेक्झांड्राला साडेतीनशेच्या आसपास. न्यूझीलंडमधली बाकीची द्राक्षं बहुतेक समुद्राच्या जवळपास आहेत. हा भाग तेवढा आत, डोंगरांच्या कुशीत, समुद्राच्या दमट वाऱ्यापासून तुटलेला. त्यामुळे उन्हाळा कोरडा आणि हिवाळा कडक. अलेक्झांड्राजवळच्या ओफिर नावाच्या छोट्या गावात जुलै १९९५ मध्ये पारा उणे २१.६ पर्यंत उतरला होता. मधून क्लुथा नदी वाहते, माओरी नाव माता-औ, आणि क्रॉमवेलला तिला कवाराऊ येऊन मिळते. बहुतेक बागा या दोन नद्यांच्या खोऱ्यांत उतारांवर आणि जुन्या नदीपात्राच्या पायऱ्यांवर आहेत. तुमच्या बाटलीवरचं गिब्स्टन हे कवाराऊच्या अरुंद दरीतलं.

आणखी एक गंमत. त्या कोरड्या डोंगरांवर चालायला लागलं की पायाखालून ओव्याचा वास येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी थांबून बुटाचा तळवा हुंगला होता. ते रानटी थाइम, सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांनी आणलेलं आणि मग डोंगरभर पसरलेलं. थाइममध्ये आणि ओव्यात एकच द्रव्य असतं, थायमॉल. तिथल्या पिनोला रानटी थाइमचा गंध असतो असं जाणकार लिहितात. मला तो कधी सापडतो, कधी नाही.

आता मुद्द्यावर. वाइनवाले ‘थंड’ म्हणतात तेव्हा ते दुपारच्या उन्हाबद्दल बोलत नसतात. द्राक्षवेल दहा अंशांखाली जवळपास वाढतच नाही. म्हणून रोजच्या सरासरी तापमानातून दहा वजा करायचे आणि उरलेल्याची हंगामभर बेरीज करायची. आपण करून बघू. नाशिकला ऑक्टोबर ते मार्च रोजची सरासरी ढोबळ २३ धरा. दहा गेले, तेरा उरले. १८० दिवसांचे झाले २,३४०. क्रॉमवेलकडे हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल, सरासरी १५ च्या आसपास. उरले पाच, आणि २१० दिवसांचे झाले हजार-अकराशे. म्हणजे महिनाभर जास्त वेळ मिळूनही तिथल्या वेलीला आपल्या निम्मीच ऊब मिळते. लेकीला ज्या दुपारी चटका बसला ती खरीच तीस अंशांच्या वरची असणार. पण त्याच रात्री तिने स्वेटर चढवला असेल, विचारून बघा. जानेवारीतसुद्धा रात्रीचा पारा दहा-अकरा अंशांवर उतरतो. सरासरीत दुपारचा चटका असा वाहून जातो.

तुम्ही म्हणाल, रात्री तर निफाडलाही थंड असतात. बरोबर आहे. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पारा पाच-सहावर येतो, शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि पाणी सोडतात, तयार घडांचे मणी तडकू नयेत म्हणून. दिवस-रात्रीच्या फरकात नाशिक कमी नाही. खरा फरक हंगाम कुठल्या दिशेने चाललाय त्यात आहे, आणि ही गोष्ट मला तिथे राहिल्यावरच कळली.

आपण सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, घेतो. घड थंडीत मोठे होतात आणि पिकायची वेळ येते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऊन चढत असताना. आठवड्यागणिक पारा वर सरकतो आणि साखर धावत सुटते. आंबटपणा जळून जातो. माल आज तोडायचा की परवा एवढाच निर्णय हातात राहतो. तिकडे उलटं. कळी फुटते सप्टेंबरअखेर, फुलोरा डिसेंबरात, मणी रंग धरतात जानेवारीच्या शेवटाला किंवा फेब्रुवारीत. आणि पक्वतेचे शेवटचे सहा-आठ आठवडे उतरत्या उन्हात जातात. एप्रिलमध्ये दुपारचं तापमान सोळा-सतरा, रात्री चार-पाच. बरणीत लोणचं मुरावं तसे मणी हळू पिकतात. मणी श्वास घेताना आंबटपणातला मॅलिक आम्लाचा भाग खर्च करतो. गरमीत हा खर्च वाढतो, थंडीत वाचतो. सुवास देणारी द्रव्यंही उकाड्यात उडून जातात, गारव्यात टिकतात. शिवाय पारा ३५ च्या वर गेला की सालीत रंग तयार व्हायचं काम मंदावतं.

पण मग साखर कुठून येते? उन्हातून, म्हणजे प्रकाशातून. ओटागो ४५ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस तिथे दिवस साडेपंधरा तासांचा असतो. रात्री साडेनऊला आम्ही जेवून बाहेर पायरीवर बसायचो तेव्हा सूर्य डोंगरामागे जात असायचा. नाशिकला जानेवारीचा दिवस अकरा तासांचा. पानाला साखर बनवायला प्रकाश लागतो, फार ऊब लागत नाही. ढग नाहीत, धूळ नाही, आणि न्यूझीलंडच्या उन्हात अतिनील किरणांचा मारा उत्तर गोलार्धातल्या तेवढ्याच अक्षांशापेक्षा बराच जास्त. वेल स्वतःचं रक्षण म्हणून साल जाड करते, सालीत रंग आणि तुरट द्रव्यं भरते. म्हणून ओटागोची पिनो फ्रान्समधल्या बरगंडीच्या पिनोपेक्षा सहसा गडद आणि भरलेली असते, आणि अल्कोहोल तेरा-चौदा टक्क्यांपर्यंत सहज जातं. तुमच्या बाटलीच्या मागे आकडा बघा. तुमच्या शिराझएवढाच असेल. जिभेला पातळ लागली म्हणून ती कमजोर आहे असं समजून तिसरा ग्लास भरू नका, एवढं माझं सांगणं.

मग तुमच्याच बाटलीचा रंग फिका का? दोन कारणं. एक तर पिनो न्वारचा स्वभाव. साल पातळ, रंगद्रव्य कमी. आणि शिराझ, कॅबर्नेमध्ये रंगद्रव्याचा जो पक्का, टिकाऊ प्रकार असतो तो पिनोत नसतोच. त्यामुळे जगात कुठेही लावा, ती काळीभोर होत नाही. कुठे झालीच तर मला आधी शंका येते की बॅरलमध्ये दुसरं काही मिसळलंय. दुसरं कारण गिब्स्टन. हा सगळ्या ओटागोतला उंच आणि गार कोपरा, समुद्रसपाटीपासून तीन-चारशे मीटरवर, दरी अरुंद. तिथली तोडणी क्रॉमवेलच्या दोन-तीन आठवडे मागे चालते. वाइन हलकी, सुगंधी, आंबटपणा ठसठशीत. याउलट बॅनकबर्न किंवा बेंडिगोची बाटली घेतलीत तर तुम्हाला जास्त ओळखीची वाटेल. बेंडिगोला उत्तरेकडे तोंड केलेले उतार आहेत, म्हणजे दक्षिण गोलार्धात सूर्याच्या दिशेला, आणि तिथली पिनो दाट, पिकलेल्या काळ्या चेरीची. वायव्येला वानाका सरोवराकाठची आणखी वेगळी, नाजूक. साठ-सत्तर किलोमीटरच्या टापूत एवढे प्रकार. एकूण लागवड दोन हजार हेक्टरच्या आसपास, त्यातली चार-पंचमांश पिनो न्वार. आमच्या पिंपळगावच्या बाजार समितीत हे सांगितलं तर लोक हसतील, एवढीशी बाग आणि जगभर नाव.

एकरी मालाचा हिशोब ऐकून तर वडील खरंच हसले होते. खायच्या द्राक्षाला आमच्याकडे एकरी आठ-दहा टन काढतात. तिथे एकरी दोन-अडीच टन ठेवतात आणि जास्त घड दिसले तर कापून जमिनीवर टाकतात. वेलीच्या पायथ्याशी पडलेले हिरवे घड पाहून मला पहिल्या वर्षी जेवण गेलं नव्हतं.

कोरडेपणाचा फायदा मात्र आपल्या शेतकऱ्याला लगेच कळेल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी आला की आमच्या पोटात गोळा येतो. फुलोऱ्यात डाऊनी, म्हणजे केवडा रोग, शिरला की चार दिवसांत बाग जाते, मग रात्री-बेरात्री फवारणी. तिकडे भुरी असते, तिच्यासाठी गंधक मारावं लागतं, पण डाऊनीची धास्ती नाही आणि घडकुजीचीही फार नाही. म्हणून घड एप्रिलअखेरपर्यंत वेलीवर ठेवायची हिंमत होते. दमट जागी तेवढं थांबलात तर हाती बुरशी येईल. ऊन साखर देतं आणि गारवा आंबटपणा राखतो, पण या दोघांना आपलं काम संपवायला वेळ मिळतो तो कोरड्या हवेमुळे. सेंद्रिय पद्धतीने केलेल्या बागाही तिथे बऱ्याच आहेत, त्यामागे हेच.

जमीन म्हणाल तर शिस्ट खडक, अभ्रकाने चमचमणारा, त्यावर वाऱ्याने आणून टाकलेली बारीक माती आणि नदीची वाळू-गोटे. पाणी धरत नाही, कस कमी. ठिबकशिवाय वेल जगणार नाही. आणि त्या पाण्याची कथा मजेशीर आहे. ऑगस्ट १८६२ मध्ये हार्टली आणि रायली नावाच्या दोघांनी डनीडिनला ८७ पौंड सोनं आणून टाकलं, क्लुथाच्या घळीत सापडलेलं. मग हजारो लोक धावले. सोनं धुवायला उंचावरून पाणी हवं, म्हणून डोंगरकड्यांवरून मैलोन्‌मैल पाट खणले. बॅनकबर्नला त्या पाण्याच्या धारेने टेकड्या कापून काढलेले मातीचे सुळके आजही बागांच्या शेजारी उभे आहेत. सोनं संपलं, पाट राहिले, आणि त्यांच्यावर जर्दाळू-चेरीच्या बागा उभ्या राहिल्या. क्रॉमवेलच्या वेशीवर फळांचं अवाढव्य शिल्प आहे, लेकीने त्याच्यापुढे फोटो काढलाच असेल. जुन्या क्रॉमवेलचा बाजाररस्ता मात्र आता पाण्याखाली आहे. क्लाइडला धरण बांधलं आणि १९९२-९३ मध्ये डन्स्टन सरोवर भरलं, तेव्हा दोन नद्यांचा संगमही बुडाला. आपल्याकडच्या धरणग्रस्त गावांतल्या म्हाताऱ्यांसारखेच तिथलेही म्हातारे पाण्याकडे बोट दाखवून ‘इथे बेकरी होती’ म्हणून सांगतात.

द्राक्षही त्याच सोन्याच्या मागे आलं. जाँ देझिरे फेरो नावाच्या फ्रेंच माणसाने १८६४ च्या सुमारास क्लाइडजवळ वेली लावल्या आणि वाइन केली. १८९५ मध्ये रोमियो ब्रागाटो हा तज्ज्ञ देश फिरून गेला आणि या भागात द्राक्ष उत्तम होईल असं सांगून गेला. नंतर जवळपास ऐंशी वर्षं कुणी ऐकलं नाही. मेंढ्या आणि जर्दाळू बरे होते. १९७० च्या दशकाअखेर आणि ८० च्या सुरुवातीला मूठभर हट्टी लोकांनी पुन्हा सुरुवात केली: वानाकाला रॉल्फ आणि लोइस मिल्स, गिब्स्टनला अ‍ॅलन ब्रेडी, अलेक्झांड्राला व्हर्डन बर्जेस आणि स्यू एडवर्ड्स, क्वीन्सटाउनजवळ अ‍ॅन पिंकनी. इथे द्राक्ष पिकणारच नाही, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत. ब्रेडींच्या गिब्स्टन व्हॅलीची १९८७ ची पिनो न्वार ही या भागातली पहिली व्यापारी पिनो. म्हणजे आमच्या नाशिकपेक्षा ते फार म्हातारे नाहीत. नाशिकच्या सुला वायनरीच्या पहिल्या वाइन २००० मध्ये आल्या.

लोक पिकणार नाही म्हणत होते त्याला कारण होतं: गोठणारं दव. हिवाळ्याची भीती नाही. तेव्हा वेल झोपलेली असते. (आपली वेल कधीच झोपत नाही, म्हणून तर आपल्याला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोनदा कात्र्या चालवाव्या लागतात. हे तिथल्या सहकाऱ्यांना समजावून सांगताना माझी निम्मी इंग्रजी संपली.) भीती असते ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कोवळी फूट बाहेर आल्यावर, आणि पुन्हा एप्रिलमध्ये घड वेलीवर असताना. आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि पहाटे तीनला पारा शून्याखाली. फुटीला उणे एक-दोन झालं की ती काळी पडते. दरी असल्यामुळे जड गार हवा उतारावरून ओघळून तळाशी साचते, अगदी पाण्यासारखी. म्हणून शहाणे लोक उतारावर लावतात आणि तळाची सपाट जमीन जर्दाळूवाल्याला देतात, किंवा द्यायला हवी.

उपाय तीन. पहिला पंखे, विजेच्या खांबाएवढ्या उंच दांड्यावर बसवलेले, जे वरची उबदार हवा ढवळून खाली आणतात. दुसरा हेलिकॉप्टर, तेही बागेवर घिरट्या घालत हेच करतं, फक्त पैसे मिनिटागणिक उडतात. तिसरा पाणी. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण तुषार सिंचनाने फुटीवर सतत पाणी मारायचं आणि ते गोठू द्यायचं. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं, त्यामुळे बर्फाच्या आत फूट शून्याच्या जवळपास सुखरूप राहते. सकाळी बाग काचेची झालेली असते. सूर्य वर येतो आणि बर्फ ठिबकायला लागतो तो देखावा फोटोत मावत नाही.

अट एकच. पाणी थांबता कामा नये. माझ्या दुसऱ्या हंगामात मी लवकर गेलो होतो, ऑक्टोबरात. एका बागेत, नाव सांगत नाही, रात्रपाळीला आम्ही दोघं. दीड वाजता तुषार सुरू केले. साडेचारला पंपाच्या गाळणीत कचरा अडकला आणि दाब पडला. गाळणी काढून, हात बधिर झालेले, साफ करून परत लावेपर्यंत पाऊण तास गेला. भिजलेल्या फुटीवरचं पाणी आता गोठायच्या ऐवजी उडत होतं, आणि उडताना ऊब घेऊन जात होतं, माठात होतं तसं. सकाळी जो पट्टा आम्ही वाचवायला निघालो होतो तो शेजारच्या न भिजवलेल्या पट्ट्यापेक्षा जास्त काळा पडला होता. मालक काही बोलला नाही. चहा करून दिला. त्या पट्ट्यात त्या वर्षी मागून दुय्यम डोळे फुटले, पण माल नावाला. पुढच्या तिन्ही हंगामांत रात्री गाळणी दर तासाला मी स्वतः बघायचो, कुणी सांगो न सांगो.

तोडणी हाताने. व्हानुआतूहून आलेली मुलं गाणी म्हणत ओळी उरकायची. फेब्रुवारीपासून सगळ्या बागांवर जाळी ओढलेली असते, कारण डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला एक चिमणीएवढा पक्षी पिकलेले मणी टोचून जातो. तळघरातलं काम फार लांबवत नाही: देठ काढून द्राक्षं टाकीत, काही घड मुद्दाम देठासकट, आठवडाभर गार भिजवण, मग आंबवण. वर येणारा सालींचा थर दिवसातून दोन-तीनदा खाली दाबायचा, तोही हलक्या हाताने. जोर लावलात तर पिनो कडवट होते. नंतर दहा-बारा महिने फ्रेंच ओकच्या पिंपात, त्यातली थोडीच पिंपं नवी. शिराझला आम्ही जसं घुसळतो तसं इथे केलं तर मुकादम हाकलून देईल.

काड्यांची एक कथा सांगायचा मोह आवरत नाही. तिथे पिनोचा ‘एबल’ नावाचा एक वाण आहे, त्याला ‘गमबूट’ही म्हणतात. सांगतात ते असं: सत्तरच्या दशकात कुणा प्रवाशाने बरगंडीच्या सर्वात नामांकित बागेतली काडी गमबुटात लपवून ऑकलंड विमानतळावर आणली. कस्टमवाल्याने पकडली. तो कस्टमवाला माल्कम एबल स्वतः द्राक्षवाला निघाला. त्याने काडी फेकली नाही, रीतसर विलगीकरणात पाठवली आणि नंतर लावली. आज तो वाण देशभर आहे. आमच्याकडे थॉमसन या खायच्या द्राक्षातून निवडलेल्या काड्या गावोगाव कशा पोचल्या त्याच्या कथा याहून फार वेगळ्या नाहीत.

नाशिकला का नाही? दिंडोरीकडे एका टेकाडावर आम्ही पिनोच्या थोड्या ओळी लावून पाहिल्या होत्या, चांगली उंची बघून. पानं छान आली. जानेवारीअखेर साखर आली आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आंबटपणा कोसळला. बिया अजून हिरव्या, मणी सुरकुतायला लागलेले. वाइन झाली, पण जॅमसारखी, सपाट, वर टार्टरिक आम्ल घालून उभी केलेली. रंग तुमच्या बाटलीपेक्षाही फिका. पिनो लवकर पिकणारी जात आहे. तिला लांब, उतरता हंगाम द्यावा लागतो, नाहीतर ती धावत सुटते. आपल्याकडे लवकर तोडून स्पार्कलिंग, म्हणजे फेसाळ वाइनसाठी ती चालते, कारण तिथे कच्चा आंबटपणाच हवा असतो. रेड म्हणून नाही. उशिरा पिकणाऱ्या, ऊन सोसणाऱ्या जाती आपल्याकडे जास्त शोभतात. शिराझ तर आहेच, अकलूजकडे सांजिओव्हेजेही चांगली येते. ओटागोसारखी दुसरी दरी शोधायचीच तर स्वित्झर्लंडमधलं ऱ्होन नदीचं वरचं खोरं बघा, व्हाले. तेही आल्प्सच्या आडोशाला, कोरडं, उन्हाचं, आणि तिथेही शेतकरी शतकानुशतकं डोंगरातून पाट काढून पाणी आणतात. तिथल्या पिनोही अशाच.

आता दुसरी बाटली. पुण्यात फडताळात ठेवू नका. एप्रिल-मे मध्ये फडताळात ३५-३६ होतं आणि नाजूक पिनो त्यात शिजते. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी-उभी कशीही ठेवा, स्क्रूचं झाकण आहे, बूच सुकायचा प्रश्न नाही. गिब्स्टनची असेल तर वर्षा-दोन वर्षांत उघडलेली बरी. पहिली बाटली तुम्ही बहुधा ‘रेड वाइन रूम टेंपरेचरला’ म्हणून मार्चमध्ये तशीच ओतलीत. ते रूम फ्रान्समधलं, काका. तीस अंशांना पिनोचा सुगंध उडतो, अल्कोहोल नाकात जातं आणि मागे नुसता आंबटपणा राहतो. प्यायच्या आधी थोडा वेळ फ्रिजबाहेर काढा, चौदा-सोळा अंशांवर प्या, आणि मोठ्या पोटाचा ग्लास घ्या, तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच भरलेला.

सोबत तांबडा रस्सा नको. तिखटाने अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही भडकतात आणि बिचारी पिनो हरवते. माझं आवडतं म्हणजे खानदेशी वांग्याचं भरीत, काडीच्या विस्तवावर भाजलेलं, मिरची अर्धी. तो धुराचा वास आणि पिनोचा मातकट वास एकमेकांना ओळखतात. अळंबी लोण्यावर परतून, किंवा साधा मटणाचा खिमा, मिरे घालून. माशात रावस. आमसुलाचा आंबटपणा असेल तर कमी करा, वाइन आधीच तेवढी आंबट आहे.

आणि लेक पुन्हा येणार असेल तर तिला एक बाटली बेंडिगोची आणि एक गिब्स्टनची आणायला सांगा, शक्यतो एकाच सालाच्या. दोन्ही एकाच संध्याकाळी उघडा, शेजारी तुमची शिराझही ठेवा. कुठली आवडली ते मला जरूर कळवा. बेंडिगोची निघेल, असा माझा अंदाज आहे.